शपथेवर लिहिलेला शब्द

लुक्का, २ फेब्रुवारी २०२५

मोरेनो,

तू सुखरूप पोचल्याचं कर्स्टीने कळवलं. तुझा मफलर माझ्याकडेच राहिला आहे, धुऊन ठेवला आहे.

हे पत्र मफलरसाठी नाही. बार्गाच्या चर्चच्या पायऱ्यांवर तू माझे आभार मानलेस, त्यासाठी आहे. फोस्काआत्याची शवपेटी आत गेली होती, लोक मागोमाग चालले होते, आणि तू माझा हात धरून मला बाजूला घेतलंस. म्हणालास, "इल्वा, एक बोलायचं राहून गेलंय. त्या वेळी तुला माझं तोंड बघवत नव्हतं, तरी तू माझा कागद करून दिलास. मी ते विसरलो नाही."

मी काय केलं, आठवतंय? म्हटलं, "आत चल, वारा गार आहे."

त्या दिवसापासून मला चैन नाही. आता हे जसं घडलं तसं क्रमाने लिहिते. त्यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, तरी लिहू दे. क्रम सोडला की माझ्या हातून काहीतरी गाळलं जातं, हे मला माझ्याबद्दल कळून चुकलं आहे.

वास्को खाणीत दगडाखाली सापडून गेला त्याला येत्या ऑक्टोबरात एकोणीस वर्षं होतील. तीन दिवस पाऊस पडून उघडलं होतं. पावसानंतर वर चढून कड्याची तपासणी करायची, सैल दगड पाडून घ्यायचे आणि मगच माणसं खाली सोडायची, हे मुकादमाचं काम. मुकादम तू होतास. तू वर चढला नाहीस, खालूनच नजर टाकलीस आणि हात केलास. वास्को माझा नवरा होण्याआधी तुझा मित्र होता. तुझ्या हाताच्या इशाऱ्यावर तो कधी दुसऱ्यांदा विचार करत नसे.

न्यायालयाने तुला आठ महिन्यांची शिक्षा दिली आणि ती तहकूब ठेवली. तू एका शब्दाने स्वतःची बाजू मांडली नाहीस. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. आत्याने तुला स्कॉटलंडला बोलावून घेतलं, लार्ग्सच्या तिच्या आइस्क्रीमच्या दुकानात. आई स्टेशनवर आली होती. मी, तुझी सख्खी बहीण, आले नाही.

मग २०१३च्या ऑक्टोबरात तुझं जाड पाकीट आलं. पाच वर्षांत पहिलंच. त्यात निकालाचा एक पानी उतारा होता. तिकडच्या एका कार्यालयाला त्याचं इंग्रजी भाषांतर हवं होतं, शपथेवर केलेलं. तू लिहिलं होतंस की हे काम परक्याच्या हातात द्यायला मन होत नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्या कायद्यात तुझ्या गुन्ह्याचं नाव आहे 'कोल्पोसो' मनुष्यवध. म्हणजे हेतू नव्हता. हयगय झाली, नाहीतर अविचार झाला, नाहीतर कौशल्य कमी पडलं, आणि त्यात माणूस गेला. इंग्रजीत ते सरळ लिहिता येतं: हलगर्जीपणामुळे मृत्यू. पण स्कॉटलंडच्या कायद्यात 'कल्पेबल' असा एक शब्द आहे, सदोष मनुष्यवध. दोन्ही शब्द दिसायला सख्खी भावंडं, अर्थाने मात्र फार लांबची. तिकडे तो शब्द वाचला की भांडणात हात उचलून माणूस मारणारा डोळ्यांपुढे येतो.

मी तो लिहिला. मोरेनो, माझ्या हातून चूक झाली. दिसायला सारखे शब्द भल्याभल्यांना फसवतात, आणि मीही फसले. एवढं तुला सांगायला हवं होतं.

इल्वा


लुक्का, २३ फेब्रुवारी २०२५

मोरेनो,

तुझा फोन येऊन गेल्यापासून हे तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे.

तू फोनवर हसलास. म्हणालास, "चूक कुणाच्या हातून होत नाही, इल्वा? मला विचार." मग बराच वेळ आत्याच्या दुकानाबद्दल बोलत राहिलास. नव्या मालकाने पिस्त्याचं आइस्क्रीम बंद केलं म्हणून म्हातारी गिऱ्हाइकं कशी भांडतात ते सांगितलंस. मी हो-हो म्हणत होते. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभीच राहिले. तुझ्याकडून माफी उकळली मी. ती मागितली होती भलत्याच गोष्टीसाठी.

ती चूक नव्हती.

तीस वर्षं मी हेच काम करते. तो शब्द माझ्यासमोर तुझ्या आधी निदान वीस वेळा आला होता. ट्रकचालक, डॉक्टर, एक जलतरण शिक्षक. त्यातला एकही माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. पण प्रत्येकाच्या कागदावर मी हलगर्जीपणामुळे मृत्यू असंच लिहिलं आणि खाली तळटीप दिली: 'इटालियन कायद्यात या गुन्ह्यात हेतू गृहीत नाही, स्कॉटलंडमधल्या सदोष मनुष्यवधाशी याची गल्लत करू नये.' ही टीप मला पाठ आहे. नव्या भाषांतरकारांना मीच ती शिकवते.

तुझं पाकीट उघडलं त्या दिवशीही मी आधी तसंच लिहिलं होतं. टिपेसकट. कागद टाइप होऊन तयार होता. मग पाकिटातून एक फोटो खाली पडला. समुद्राचा किनारा, वारा, तुझ्या बायकोचे, कर्स्टीचे, केस तुझ्या तोंडावर उडालेले, आणि तू हसतोयस. अगदी तोंड भरून.

ऑक्टोबर होता. चारच दिवसांपूर्वी मी वास्कोच्या थडग्यावर फुलं ठेवून आले होते. सात वर्षं मी एकटीचं ताट वाढून जेवत होते, आणि तू हसत होतास. मला वाटलं, हे बरं आहे. मला वाटलं, न्यायाधीशाने तुला आठ महिने दिले आणि तेही माफ केले, तर कुणीतरी कुठेतरी या माणसाचं खरं नाव लिहायला हवं. मी शब्द बदलला. टीप काढून टाकली. दुसऱ्या दिवशी न्यायालयात गेले आणि लिपिकेसमोर उभी राहून शपथ घेतली की, सत्य कळावे एवढ्याच हेतूने हे काम मी नीट आणि इमानाने केले आहे. आवाज जराही कापला नाही.

त्यानंतर तुझा फोन आला. तो तुला आठवत असणारच, पण तू कधी त्याचा उल्लेख केला नाहीस. तू म्हणालास, "इथल्या लोकांना मी अपघात झाला म्हणून सांगितलं होतं. ते म्हणतात, कागद वेगळंच म्हणतोय. इल्वा, दुसरा एखादा शब्द नाही का?"

मी म्हटलं, "शब्द तुझ्या सोयीने बदलत नसतो, मोरेनो. मी शपथेवर लिहिलंय."

मग म्हणालास, "बरं. तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार."

त्या वेळी मी मनात म्हटलं होतं, कसलीतरी नोकरी असेल, दुसरी मिळेल. कागद कशासाठी हवाय ते मला ठाऊक नव्हतं. एवढं तरी माझ्या बाजूने धर.

इल्वा


लुक्का, १६ मार्च २०२५

मोरेनो,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. यायला हवं असं मी म्हणत नाही.

मागच्या पत्राच्या शेवटी 'कागद कशासाठी हवाय ते मला ठाऊक नव्हतं' असं लिहिलं, ते खोटं आहे. ते लिहिताना मला ते माहीत होतं. पाकीट चिकटवतानाही माहीत होतं.

त्या कार्यालयाने तुला पाठवलेलं पत्र तू उताऱ्याला जोडलं होतंस. इंग्रजीत. भाषांतर करणारी बाई पाकिटातला कागद वाचायचा सोडेल का? विषयाच्या ओळीतच लिहिलं होतं: दत्तक घेण्याचा अर्ज. खाली मुलीचं पहिलं नाव आणि वय होतं. आयोना, चार वर्षं. आणि त्या फोटोत कर्स्टीच्या पलीकडे एक छोटी मुलगी होती, पाठमोरी, पाण्याकडे धावणारी. शेजाऱ्यांची असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण फोटोच्या मागे तुझ्या अक्षरात होतं, 'देवाच्या मनात असेल तर तू आत्या होशील.'

ते वाचून मी शब्द बदलला. तुझ्या हसण्यामुळे नाही, किंवा नुसत्या हसण्यामुळे नाही. वास्कोला आणि मला मूल झालं नाही, हे तुला माहीत आहे. डॉक्टरांकडे किती फेऱ्या झाल्या तेही माहीत आहे. दोनदा तूच आम्हाला पिसाला गाडीतून नेलं होतंस. तो गेला तेव्हा आम्ही दत्तकाचाच विचार करत होतो. अर्जाचे कागद माझ्या टेबलाच्या खणात होते.

बस, एवढंच. माझं कारण एवढंच होतं. लिहून पाहिल्यावर ते अजूनच लहान दिसतं.

२०१६च्या ऑगस्टमध्ये आत्या सुट्टीला आली होती. आम्ही अंगणात बसून चेस्टनटच्या पिठाची धिरडी खात होतो, आत रिकोटाचं मऊ चीज भरलेली, तिला आवडतात तशी. खाता खाताच ती म्हणाली, "त्यांनी खोलीसुद्धा रंगवली होती गं. दोघं दर शनिवारी मुलीला भेटायला जायची. मग त्या लोकांनी सांगितलं, माणूस गुन्हा लपवतोय. आमचा मोरेनो, आणि लपवेल?" मी तिच्या ताटात अजून एक धिरडं वाढलं. नऊ वर्षं मला हे ठाऊक आहे. नऊ वर्षांत मी तुला दर नाताळला शुभेच्छापत्र पाठवलं.

तुझ्याकडून उत्तर येईना तेव्हा करता येण्यासारखी एकच गोष्ट दिसली. दहा दिवसांपूर्वी न्यायालयात गेले. शपथेच्या खिडकीवर अजून बेर्तोलानीबाईच आहेत, त्या दिवशीही त्याच होत्या. जुन्या भाषांतराची प्रत, नवं भाषांतर आणि मी लिहिलेलं निवेदन त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी तारीख पाहिली आणि म्हणाल्या, "अकरा वर्षांनी शब्द बदलायला आलात? तुम्हाला रात्री दुसरं काही सुचत नाही का, बाई?"

मग निवेदन वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मागे तीन माणसं रांगेत होती. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "इथे 'मुद्दाम' असं लिहिलंय तुम्ही. तिथे 'चुकून' करा. चुकून असेल तर मी आत्ता शिक्का मारते आणि तुम्ही घरी जा. मुद्दाम असेल तर मला हे वर पाठवावं लागेल."

मी म्हटलं, "पाठवा."

"तुमचं नाव यादीतून जाईल."

"जाऊ द्या."

"मी तुम्हाला तीस वर्षं ओळखते."

"मीही मला ओळखते असंच समजत होते," मी म्हटलं.

त्यांनी निवेदन वर पाठवायच्या कागदांत ठेवलं आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारला. इतक्या जोरात की रांगेतला माणूस दचकला. परत देताना कागद माझ्या हातात दिला नाही, खिडकीच्या फळीवर ठेवला.

आठवड्याने न्यायाधीशबाईंनी बोलावलं. वयाने माझ्या निम्म्या असतील. माझ्यावर खटला भरण्याची मुदत कधीच उलटून गेली आहे, असं त्यांनी सांगितलं. शपथेच्या भाषांतरकारांच्या यादीतून नाव मात्र काढलं आहे. उठताना त्यांनी विचारलं, "तुमचे भाऊ हयात आहेत का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग हे सगळं आधी त्यांना सांगायला हवं होतं." मी म्हटलं, सांगते आहे, जमेल तसं.

नवं भाषांतर, तळटीप आणि निवेदन या पाकिटात आहे. त्याचा आता काय उपयोग, ते मला कळत नाही. आयोना आता पंधरा वर्षांची असेल.

तू फोन करू नकोस. तू फोनवर मला धीर द्यायला लागशील, आणि ते मला ऐकवणार नाही.

इल्वा


लुक्का, २७ एप्रिल २०२५

मोरेनो,

कर्स्टीचं पत्र आलं. तू वाचलं आहेस की नाही, ते तिने लिहिलेलं नाही, म्हणून त्यात काय आहे ते इथे सांगते. तुझ्या माघारी तुझ्याबद्दल आणखी एक कागद फिरायला नको.

ती लिहिते की माझी तिन्ही पत्रं तू दुकानामागच्या खोलीत बसून वाचलीस आणि तिच्यासमोर ठेवलीस. तिसऱ्या दिवशी तिला एवढंच म्हणालास, "म्हणजे मी तो नव्हतो."

त्याखाली तिने जे लिहिलं आहे ते शब्दाला शब्द इथे उतरवते: 'तुम्हाला वाटतं तुम्ही त्या कार्यालयाला फसवलंत. कार्यालयाचं सोडा. दोन वर्षांनी दुसऱ्या गावी पुन्हा अर्ज करता आला असता. मी हातापाया पडले. तो म्हणायचा, इल्वा कायदा जाणते, ती चुकीचं लिहिणार नाही. माझ्या गुन्ह्याला असंच म्हणत असणार, आणि अशा माणसाच्या घरात मूल असू नये. अकरा वर्षं माझा नवरा तुमचा शब्द अंगावर घेऊन जगला.'

हे मला ठाऊक नव्हतं. या पत्रव्यवहारात 'ठाऊक नव्हतं' असं मी आधी एकदा लिहिलं आहे आणि ते खोटं होतं, म्हणून तू विश्वास ठेवावास असं म्हणायला मला तोंड नाही. पण हे खरंच ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तू माझ्यावर रागावला असशील. त्या रागाची मी मनातल्या मनात इतकी वर्षं वाट पाहत होते. तू माझ्यावर रागावला नाहीस, तू माझं ऐकलंस.

तू वर चढला नाहीस, हे मी तुला कधी माफ करू शकेन की नाही, मला अजून माहीत नाही. हे लपवून ठेवलं तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल, म्हणून लिहिते. पण तुझं आणि माझं एका मापाचं नाही. तू पाच मिनिटं आळस केलास. मी पूर्ण जागी होते, आणि नंतर अकरा वर्षं रोज जागी होते.

कर्स्टीने माफीबद्दल एका ओळीत संपवलं आहे: 'आम्हाला तुमची क्षमायाचना नको आहे, काम हवं आहे.' काम असं की येत्या सप्टेंबरात आयोना सोळा वर्षांची होईल आणि तिकडच्या नियमाप्रमाणे स्वतःची फाइल पाहू शकेल. ती दुसऱ्या कुटुंबात वाढली, बरी आहे म्हणतात. त्या फाइलीत एका जोडप्याबद्दल लिहिलं आहे की ते भेटायला यायचे आणि पुढे अर्ज नामंजूर झाला, त्याला कारण असा एक गुन्हा. कर्स्टीने त्या कार्यालयातल्या बाईंना विचारलं आहे. दुरुस्त भाषांतर फाइलीत ठेवता येईल, आणि त्यासोबत एक पत्रही. ते पत्र मी लिहायचं. इंग्रजीत, कायद्याचा एकही शब्द न वापरता, सोळा वर्षांच्या मुलीला एका वाचनात कळेल असं. कर्स्टी म्हणते, 'तुम्ही शब्दांत हुशार आहात ना.'

मी ते नऊ दिवस लिहीत होते. आयुष्यात इतकं अवघड काम केलं नव्हतं. पहिल्या खर्ड्यात मी वास्कोबद्दल दोन पानं लिहिली होती. ती फाडली, कारण ती वाचून तिला माझीच दया आली असती. आता जे उरलं आहे ते इंग्रजीतून कर्स्टीकडे गेलं आहे. तुझ्यासाठी आपल्या भाषेत खाली देते.

'प्रिय आयोना,

तू मला ओळखत नाहीस. मी इटलीत राहते आणि माझं नाव इल्वा आहे.

तू चार वर्षांची असताना मोरेनो आणि कर्स्टी नावाची दोन माणसं दर शनिवारी तुला भेटायला येत असत. त्यांना तुझे आईवडील व्हायचं होतं. मग एका शनिवारी ते आले नाहीत आणि पुन्हा कधीच आले नाहीत. ते तुला आठवतं की नाही, मला माहीत नाही. आठवत असेल तर तुला वाटलं असेल की त्यांना तू आवडली नाहीस.

मोरेनो माझा भाऊ आहे. फार पूर्वी कामावर असताना त्याच्याकडून एक काळजी घ्यायची राहिली आणि त्यात माझा नवरा वारला. तो अपघात होता. तुझी काळजी घेणाऱ्या लोकांना त्याने ते आपणहून, खरं खरं सांगितलं. त्यांनी त्याचा कागद मागितला. तो कागद इंग्रजीत आणण्याचं काम माझं होतं. मी त्याच्यावर रागावलेली होते, म्हणून मी मुद्दाम असं लिहिलं की वाचणाऱ्याला तो माणसं मारणारा वाटावा. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांनी तुला जपायचं म्हणून तसं केलं, त्यांचा दोष नाही. तुझा तर मुळीच नाही. मोरेनो आणि कर्स्टीचाही नाही.

खरं काय होतं, ते या पत्रामागच्या कागदात आहे.

ती दोघं अजून त्याच गावात राहतात. तुला त्यांना भेटायचं नसेल तर भेटू नकोस, त्यात काही वाईट नाही. पण कुणी सोडून गेलं असं मनात धरून मोठी होऊ नकोस. ते तुला सोडून गेले नव्हते. त्यांना मी थांबवलं.'

इल्वा